दुपारपर्यंत पिवळं संपतं

ताईच्या घरी संध्याकाळ लवकर व्हायला लागली, असं तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी तिला सरळ वेड्यात काढलं.

“सहा वाजताच काळोख होतो गं आमच्याकडे,” ती म्हणाली. “हे म्हणतात, बाहेर पोरं अजून चेंडू खेळतायत. मला तर समोरची खुर्ची दिसत नाही.”

“दुपारभर झोपतेस, मग असंच होणार,” मी म्हणाले. “उठून जरा तोंड धू.”

माझं बोलणं हे असं. राग नाकावर आणि तोंडाला कुलूप नाही. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, त्यामुळे माझा सगळा तोरा ती पोटात घालते. मी लग्न केलं नाही, त्याचं मला काही वाटतही नाही. पण ताई नसली तर मी ओरडायचं कुणावर?

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, सत्तावीस वर्षं झाली. रक्तातली व्हिटॅमिन्स मोजणं हे माझं काम. त्यातलं व्हिटॅमिन ए फार नाजूक, त्याला उजेड सोसत नाही. म्हणून त्या तपासणीची रक्ताची नळी आमच्याकडे चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळून यावी लागते. उघडी नळी आणणाऱ्याचे मी कान उपटते, मग तो कंपाउंडर असो नाहीतर वॉर्डातला मोठा डॉक्टर. अख्खं हॉस्पिटल मला फॉइलमावशी म्हणतं. तोंडावर नाही म्हणत, पण मला ऐकू येतं.

दोन वर्षांपूर्वी ताईच्या आतड्याला पीळ पडला. काळं पडलेलं आतडं डॉक्टरांनी काढून टाकलं, उरलं ते हातभरसुद्धा नाही. तेव्हापासून ती तोंडाने खाते ते नुसतं जिभेच्या समाधानासाठी. खरं जेवण छातीतल्या नळीतून, थेट मोठ्या नसेत. साखर, प्रथिनं, क्षार, सगळं एका मोठ्या पिशवीत, पाण्यासारखं नितळ. आठवड्याच्या पिशव्या हॉस्पिटलमधून एकदम येतात आणि फ्रिजमध्ये राहतात. बाकीचे बरेच पेशंट ही पिशवी रात्री लावतात. पण ती चालवणाऱ्या पंपाच्या आवाजाने भावोजींच्या डोळ्याला डोळा लागेना, म्हणून त्यांनी दिवस ठरवला. सकाळी सातला लावायची, संध्याकाळी सातला काढायची.

व्हिटॅमिन्स मात्र त्या पिशवीत आधी घालून ठेवता येत नाहीत, खराब होतात. ती वेगळ्या बाटलीत येतात आणि लावायच्या आधी सुईने पिशवीत सोडावी लागतात. हे काम भावोजींचं. भावोजी शिंपी आहेत. चाळीस वर्षं सुई हातात, त्यामुळे नर्सला हेवा वाटावा असा हात. ते हात धुतात, मास्क लावतात, श्वाससुद्धा बेताने घेतात. सुई टोचली की त्या नितळ पाण्यात पिवळी रेघ उतरते, ते पिशवी दोनदा हलवतात आणि सगळं पिवळंधमक होतं.

“पिवळं झालं की तुझ्या ताईचा दिवस सुरू,” ते म्हणायचे.

वरून घालायला हॉस्पिटलने तपकिरी प्लास्टिकची खोळ दिली होती. घरी सोडताना नर्सने चाळीसेक सूचना दिल्या होत्या, हात कसे धुवायचे इथपासून ताप आला तर काय करायचं इथपर्यंत. खोळ घाला, ही त्यातलीच एक. का घालायची, ते कुणी सांगितल्याचं भावोजींना आठवत नव्हतं. मी त्या वेळी तिथे होते. मलाही आठवत नाही.

ताईच्या त्या फोननंतर आठवड्याभरात तिची दर तीन महिन्यांनी होणारी रक्ततपासणी होती. घरी येणारी नर्स रक्त घेऊन गेली. मी त्या यादीत स्वतःच्या हाताने व्हिटॅमिन ए लिहिलं होतं, कारण संध्याकाळचं दिसत नाही म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं तेच आलं. इतकी काही मी मठ्ठ नाही. नळी आली ती फॉइलमध्येच आली, पण फॉइल टोकाला फाटलेलं. नखाएवढी जागा उघडी होती. मी नर्सला फोनवर अशी फैलावर घेतली की ती बिचारी रडायच्या बेतात आली.

तरी ताईची नळी म्हणून मी ती मशीनवर लावली. जिथे चाळीस-पन्नास यायला हवेत तिथे आकडा आला सहा.

सहा! सत्तावीस वर्षांत मी सहा पाहिला नव्हता. पण लगेच जिवाला बरं वाटलं. कारण उत्तर माझ्या हातातच होतं, ते फाटलेलं फॉइल. उजेड लागला, व्हिटॅमिन मेलं, आकडा खोटा. रोज तिच्या अंगात पिवळंधमक व्हिटॅमिन जातंय, भावोजी एक दिवस चुकत नाहीत, मग सहा येईलच कसा? मी शेरा मारला: उजेड लागला, नमुना बाद. आमचे साहेब सही करताना नेहमीचंच बोलले, “फॉइलमावशी बाद म्हणाल्या म्हणजे बाद.”

पुन्हा रक्त लगेच घ्यायला हवं होतं. पण ताईच्या शिरा म्हणजे जुनी दोरी, सापडता सापडत नाहीत. तिला उगाच कशाला टोचा, पुढच्या खेपेला बघू, असं मी ठरवलं. मी ठरवलं, दुसऱ्या कुणी नाही.

पुढच्या रविवारी मी तिच्याकडे गेले. चार वाजले होते. ताईचा पलंग भावोजींनी त्यांच्या शिवणाच्या खोलीत हलवला होता, कारण घरात सगळ्यात मोठी खिडकी तिथे. शिंप्याला उजेड लागतो, ती खिडकी त्यांनी त्यासाठीच मोठी करून घेतली होती. दुपारचं ऊन खोलीभर पसरलं होतं.

“आलीस? दिवा लाव ना,” ताई म्हणाली.

मी भावोजींकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली आणि उन्हात दिवा लावला.

“चार वाजलेत ताई.”

“हो का? मग आज जरा बरं आहे.” तिने कपासाठी हात पुढे केला. हात कपाच्या बाजूने गेला, बशीला लागला, मग कपाच्या कडेवर चढला. वाटीत पडलेलं बटण चाचपून शोधावं तसा. मला ते बघवेना, म्हणून मी चिडले.

“नखरे पुरे. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवलं,” भावोजी म्हणाले. “सकाळी अकराला नेलं होतं. तक्ता धडाधड वाचला हिने. ते म्हणाले, वयोमानाने थोडा मोतीबिंदू आहे, सहा महिन्यांनी या.”

स्टँडला लटकलेल्या पिशवीवर खोळ नव्हती. मी विचारलं, तर भावोजी मला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, “तिला त्या खोळीची भीती वाटते. म्हणते, स्टँडशी माणूस उभा आहे. तोंड झाकलेला.”

“तुमचा तो कापडाचा पुतळा असेल खोलीत. काढा तो बाहेर.”

“पुतळा मी पलंग आणायच्या आधीच काढलाय.” भावोजींनी सांगितलं. “सहा-सात महिन्यांपूर्वी खोळ काढली तेव्हा जरा शांत झाली. पलंग खिडकीशी घेतला तेव्हा आणखी शांत झाली. पण आता वेगळंच काहीतरी बोलते. तूच विचार. मला ऐकवत नाही.”

मी पलंगावर बसले. ताईचा हात हातात घेतला. कातडी खरखरीत झाली होती, कोपरावर बारीक काटे आल्यासारखी.

“काय गं, कोण येतं तुझ्याकडे?”

“हसशील.”

“हसेन. सांग.”

“आता तो तोंड झाकत नाही,” ताई म्हणाली. अगदी शांतपणे, दूधवाला आला होता हे सांगावं तसं. “तो पिवळं पितो. सकाळी हे पिवळं करतात ना? दुपारपर्यंत पिवळं संपतं. मग माझ्या अंगात नुसतं पाणी येतं. तो जितकं पितो, तितकी संध्याकाळ लवकर होते.”

मी हसणार होते. खरंच हसणार होते. पण माझं लक्ष पिशवीकडे गेलं. अर्धी पिशवी शिल्लक होती आणि तिच्यात जे होतं ते फिकं होतं, जवळजवळ नितळ.

“कुठे आहे तो आत्ता?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“तुझ्या मागे.”

मी गर्रकन वळले. मागे खिडकी होती. ऊन डोळ्यांवर आलं, एवढंच. बाहेर समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं.

“काहीतरीच तुझं!” मी ओरडले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला. भावोजींनी आज व्हिटॅमिन कमी घातलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. बाटल्या मोजल्या तर हिशेब बरोबर होता, एकही जास्त उरली नव्हती. मी घरी आले, आणि त्या दिवशी माझ्या स्वतःच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसायची मला हिंमत झाली नाही. पन्नाशीची बाई मी.

पुढचे तीन रविवार हेच. संध्याकाळ चारवरून तीनवर आली, तीनवरून दोनवर. भावोजी खिडकीचे पडदे काढत गेले. आधी जाड, मग पातळ. मग त्यांनी बाहेरचं छज्ज्याचं कापडही उतरवलं. पलंग खिडकीला टेकला. ताईला उजेड हवा होता आणि तिचा शिंपी तिला उजेड देत होता. खोलीत डोळे दिपावेत इतकं ऊन, आणि त्या उन्हात बसून माझी ताई मला विचारायची, “किती वाजले? आज फारच लवकर झाकळलं, नाही?”

एकदा मी तिच्याशी बोलत असताना ती अचानक थांबली आणि पिशवीकडे कान लावून म्हणाली, “ऐक. घोट घेतोय.” पंप चालू होता, त्याचाच टिकटिक आवाज. तरी मी आणि भावोजी, दोघंही कान देऊन ऐकत राहिलो.

पाचव्या रविवारी भावोजींचा सकाळी सहालाच फोन आला. “हिचा डावा डोळा उघडत नाहीये.”

मी पोहोचले तेव्हा सात वाजत होते. ताईला खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि पापणी हळूच वर केली. डोळा कोरडा ठणठणीत, पाण्याचा थेंब नाही. बुबुळाच्या बाजूला पांढऱ्यावर साबणाचा फेस वाळावा तसा ठिपका. उजव्या डोळ्यातही तसाच ठिपका होता. पण डाव्याच्या बुबुळावर, अगदी मधोमध, दुधाळ डाग पडला होता. हा प्रकार मी शिकत असताना पुस्तकात पाहिला होता. त्याखाली लिहिलेलंही आठवत होतं, की हा डाग फुटला तर डोळा जातो.

“गाडी बोलवा,” मी भावोजींना म्हणाले. रविवारची सकाळ, गाडीला पाऊण तास लागेल असं उत्तर आलं. भावोजींना काय करावं कळेना, म्हणून ते रोजचं काम करायला लागले. हात धुतले, मास्क लावला, सुई टोचली. पिशवी पिवळीधमक झाली. स्टँडला लटकली, उन्हात सोन्यासारखी चमकत होती. आणि ताई, उघडत नसलेल्या डोळ्याने तिकडे बघत म्हणाली, “आला बघ.”

मला काय झालं कोण जाणे. बहुतेक राग आला. जो कोणी असेल तो, माझ्या ताईचं काय पितोय ते मला बघायचंच होतं. माझ्या पर्समध्ये लॅबच्या रिकाम्या नळ्या नेहमी असतात, फॉइलचे तुकडे असतात. तपासायला न्यावं म्हणून पिशवीतलं थोडं पाणी मी सुईने काढलं आणि दोन नळ्यांत भरलं. एक नळी फॉइलमध्ये गुंडाळली, सत्तावीस वर्षांच्या सवयीने. दुसरी गुंडाळणार, तेवढ्यात ताई विव्हळली. मी नळ्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या आणि तिच्याकडे धावले.

गाडी पाऊण तासाने येणार होती, ती आली दीड तासाने. निघताना मी नळ्या उचलल्या. फॉइल सोडून बघितलं तर गुंडाळलेल्या नळीत पिवळंधमक. उघड्या नळीत पाणी.

दोन्ही नळ्या हातात धरून मी त्या खिडकीत उभी राहिले. ऊन माझ्या हातांवर पडलं होतं, ऊबदार, चांगलं वाटणारं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पिणारा तोच होता. भावोजींनी त्याच्यासाठी एकेक पडदा काढला होता, पलंग त्याच्या तोंडाशी नेला होता. आणि मी, जिने फाटलेल्या फॉइलवरून लोकांना रडवलं, ती मी पाच रविवार त्या उन्हात बसून पिशवीचा रंग फिका पडताना बघत होते. नळी म्हटलं की मला उजेड आठवतो. पिशवी ही नर्सांची, फार्मसीची, माझी नव्हे. कधी डोक्यातच आलं नाही, देवाशप्पथ.

मी पिशवीवर माझी ओढणी टाकली. “काय झालं?” भावोजींनी विचारलं. मी नळ्या पर्समध्ये टाकल्या आणि ताईला उठवायला गेले.

हॉस्पिटलात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तासाभरात व्हिटॅमिन एचं इंजेक्शन दिलं. नवीन रक्त घेतलं, मी स्वतः घेतलं, स्वतः गुंडाळलं, धावत नेलं. आकडा आला चार.

चार. म्हणजे पाच आठवड्यांपूर्वीचा सहा खरा होता.

तरी मनाला एक फट हवी होती. ते फॉइल फाटलेलं होतंच ना? मी माझ्याच दंडातून दोन नळ्या रक्त काढलं. एक गुंडाळली. एक उघडी, नखाएवढी नव्हे, अख्खी उघडी, तासभर खिडकीत ठेवली. गुंडाळलेलीत एक्कावन्न आले, उघडीत सेहेचाळीस. रक्तातलं व्हिटॅमिन इतक्या सहज मरत नाही. पिशवीतल्या पाण्यातलं मरतं. मला जे शिकवलं होतं ते मी सत्तावीस वर्षं तोंडपाठ म्हणत आले, पण कधी मोजून बघितलं नाही. मोजणं हेच माझं काम, आणि तेवढं एक मी मोजलं नव्हतं.

पाच दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. उजवा डोळा वाचेल, म्हणाल्या, झपाट्याने सुधारतोय. डावा फुटला होता. “महिनाभर आधी आल्या असत्या तर दोन्ही वाचले असते. रक्त तपासलं नव्हतं का कुणी?”

“तपासलं होतं,” मी म्हणाले. पुढे काही बोलले नाही. त्यांना वाटलं मी रडतेय म्हणून गप्प आहे.

ताईला सांगायला मला दोन दिवस लागले. दुपारी दोन वाजता, तिच्या पलंगाशी बसून, सगळं सांगितलं. सहा, फाटलेलं फॉइल, बाद, पुढच्या खेपेला बघू. भावोजी उठून व्हरांड्यात निघून गेले. ताईच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. उजव्याने ती माझ्याकडे बघत होती, आणि तिला मी दिसत होते, स्पष्ट. तेच जास्त कठीण होतं.

मला वाटलं ती पोटात घालेल, नेहमीसारखी. म्हणेल, जाऊ दे गं, तू मुद्दाम थोडंच केलंस.

“माझा डोळा तू घालवलास,” ताई म्हणाली.

मी मान हलवली.

मग तिने विचारलं, “माझ्यासारखे घरी पिशवी लावणारे किती आहेत?”

“आमच्याकडे? चाळीस-बेचाळीस.”

“त्यांच्या नळ्या पण अशा बाद केल्यास?”

मला माहीत नव्हतं. मी लॅबमध्ये जाऊन बघितलं. बाद केलेला आकडाही मशीनमध्ये राहतोच. तीन वर्षांत ‘उजेड लागला’ म्हणून मी एकतीस नळ्या बाद केल्या होत्या. त्यातल्या सात पिशवीवाल्यांच्या, आणि सातही आकडे दहाच्या खाली. मी साहेबांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, रीतसर करू, सगळ्यांना पत्रं पाठवू, आठवड्याभरात मसुदा तयार होईल.

ताईला हे सांगितलं तर ती उठून बसली. “पत्रं? पत्र वाचायला डोळे लागतात! फोन लाव. इथे, माझ्यासमोर लाव.”

मी लावले. फोन स्पीकरवर, पलंगावर, आमच्या दोघींच्या मध्ये. पहिला माणूस म्हणाला, संध्याकाळचं जरा अडखळतो खरा, उद्याच येतो. ताईने मान डोलावली. दुसऱ्या घरी मुलीने घेतला, वडिलांना दुपारीच घेऊन येते म्हणाली. मला जरा हायसं वाटलं.

तिसऱ्या घरी एका बाईने उचलला. मी पेशंटचं नाव घेतलं.

“सासूबाई?” ती म्हणाली. “त्या गेल्या हो. चार महिने झाले.”

“कशाने?”

“जिन्यावरून पडल्या. भर दुपारी. वीस वर्षांचा रोजचा जिना. शेवटी शेवटी म्हणायच्या, पायऱ्या कुणीतरी काढून नेतंय, रोज एकेक. आम्हाला वाटलं, वयाने डोकं फिरलं. मी हसायचे त्यांना. तुम्ही कोण म्हणालात? कशासाठी केला होता फोन?”

मी फोन बंद करायला हात पुढे केला. ताईने माझं मनगट धरलं. सहा महिन्यांत तिच्या हातात इतका जोर मी पाहिला नव्हता.

“सांग तिला,” ती म्हणाली.

मी त्या बाईला माझं नाव सांगितलं, आणि मग तिच्या सासूबाईंची नळी कोणत्या तारखेला आली होती ते सांगितलं.